द्रुतगति मार्ग, वेगमर्यादा आणि नव्या चालकाचें शिक्षण

मोटार हांकावयास शिकलेला माणूस आणि मोटार घेऊन कोणत्याहि रस्त्यावर जाण्यास योग्य झालेला माणूस हे दोघे एकच होत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परवाना हातीं पडला कीं शिक्षण संपलें, असें शिकणाऱ्यास वाटतें आणि त्याच्या वडीलधाऱ्या माणसांसहि वाटतें. मग पुढच्याच रविवारीं चिरंजीव किंवा कन्यका साऱ्या कुटुंबास गाडींत घालून मुंबईहून पुण्यास घेऊन जातात आणि वाटेंत किती कमी वेळ लागला याचें घरांत कौतुक होतें. ही समजूत किती अपुरी आहे व तिची किंमत कशी द्यावी लागते, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

ज्या रस्त्यावर ठराविक फाट्यांवांचून शिरतां येत नाहीं, ज्यास चौक नाहींत, समोरून येणारीं वाहनें ज्यावर मधल्या दुभाजकानें वेगळीं ठेवलेलीं असतात, आणि पादचारी, बैलगाडी वा दुचाकी यांस जेथें मज्जाव असतो, त्यास द्रुतगति मार्ग म्हणतात. महाराष्ट्रांतील असा पहिला रस्ता म्हणजे मुंबई-पुणें मार्ग. ९४.५ किलोमीटर लांबीचा, सहा मार्गिकांचा हा काँक्रीटचा रस्ता २००२ सालीं संपूर्ण खुला झाला. पुढें मुंबई व नागपूर यांस जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू होऊन जून २०२५ मध्यें पुरा झाला. अशा रस्त्यावर चौकांतील टक्कर नाहीं, समोरासमोरची टक्कर क्वचित्. म्हणून रचनेच्या दृष्टीनें तो साध्या रस्त्याहून अधिक सुरक्षित असावयास हवा, आणि नीट वापरला तर असतोहि. परंतु त्याच्या या गुणांतच एक फसवणूक दडलेली आहे.

गांवांतल्या रस्त्यावर अडथळे हेच चालकाचे गुरु असतात. कोपरा आला, मूल धांवलें, हातगाडी आडवी आली, कीं पाय आपोआप ब्रेककडे जातो. शिवाय जवळची भिंत, दुकान, झाड हीं डोळ्यांपुढून झपाट्यानें सरतात, आणि त्यांवरून आपण किती वेगांत आहों हें मनास कळतें. रुंद, सरळ व मोकळ्या रस्त्यावर या खुणा दूर जातात. काट्यावर १०० चा आंकडा असतांना जिवाला ६० चा भास होतो. तासभर अशा वेगानें जाऊन जो फाट्यावरून गांवांत उतरतो, त्यास ६० चा वेग म्हणजे रांगणेंच वाटतें. तात्पर्य, ज्या ठिकाणीं वेगाची जाणीव सर्वांत अधिक हवी, त्याच ठिकाणीं ती सर्वांत कमी होते. अनुभवी चालक ही उणीव काट्याकडे वारंवार पाहून भरून काढतो. नवशिक्याला अशी कांहीं उणीव आहे हेंच ठाऊक नसतें.

वेग वाढला म्हणजे नेमकें काय वाढतें, हें एका साध्या हिशेबानें दाखवितां येईल. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या चालकासहि एक सेकंद लागतो असें धरावें. रस्ता कोरडा आहे, ब्रेक व टायर उत्तम आहेत, असेंहि धरावें. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी मग सुमारें २८ मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे १०० झाला, तर अंतर दुप्पट होऊन ५६ मीटर व्हावें असें वाटतें. परंतु तें सुमारें ८३ मीटर होतें, म्हणजे जवळजवळ तिप्पट. कारण ब्रेक दाबल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें.

यापुढील हिशेब अधिक बोधप्रद आहे. दोन गाड्या शेजारच्या मार्गिकांतून बरोबरीनें चालल्या आहेत. एकीचा वेग १०० व दुसरीचा १२०. एकाच क्षणीं दोन्ही चालकांस ८३ मीटरांवर रस्ता अडवून पडलेला ट्रक दिसतो. दोघेहि सारखेच सावध व दोघांचेहि ब्रेक सारखेच चांगले. पहिली गाडी ट्रकापाशीं येऊन जेमतेम उभी राहते. दुसरी त्या वेळीं किती वेगांत असेल? पुष्कळांचा अंदाज २० असा पडतो, कारण आरंभीं दोहोंत २० चाच फरक होता. वास्तविक ती ताशीं ७० किलोमीटरांहून अधिक वेगानें ट्रकावर आदळते. पहिल्या गाडींतील माणसें घरीं जातात. दुसरींतील माणसांविषयीं असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. आणि हा २० किलोमीटरांचा जास्त वेग मिळवून काय मिळालें? साऱ्या मुंबई-पुणें मार्गावर तो वेग अखंड ठेवतां आला असता तरी वांचलीं असतीं तीं दहा मिनिटेंहि नव्हेत. हा हिशेब उन्हाळ्यांतील कोरड्या रस्त्याचा झाला. पावसाळ्यांत, घाटांत धुकें उतरलें असतां तो याहून कितीतरी कठोर होतो.

वेगमर्यादेचा खरा आधार हा आहे. मर्यादा ही वाईट चालकांसाठीं आहे, गाडी उत्तम व हात सराईत असला म्हणजे ती आपणांस लागू नाहीं, असें कित्येक सुशिक्षित गृहस्थ बोलून दाखवितात. परंतु वरील हिशेबांतील दोन्ही चालक सारखेच सराईत होते. कौशल्यानें तो एक सेकंद थोडासा कमी होईल. वेगाचा वर्ग कोणाच्याहि कौशल्यानें कमी होत नाहीं. शिवाय मर्यादा हा सर्व प्रवाशांनीं परस्परांशीं केलेला एक करार आहे. मार्गिका बदलूं पाहणारा आरशांत मागची गाडी बघतो आणि ती कायद्यानें ठरलेल्या वेगानेंच येत असावी या विश्वासावर वळतो. ती तशी येत नसेल, तर त्याचा अंदाज चुकतो. आणि दोष दुसऱ्याचा असूनहि प्राण त्याचे जातात. केंद्र सरकारनें २०१८ सालीं द्रुतगति मार्गांवर मोटारींसाठीं ताशीं १२० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरविली, आणि त्याहून कमी मर्यादा लावण्याची मोकळीक राज्यांस ठेवली. मुंबई-पुणें मार्गावर सपाट भागांत मोटारींस १०० ची मर्यादा आहे व घाटांत ती बरीच खालीं आणलेली आहे. अशी वेगवेगळी मर्यादा ही लहर नव्हे. तो त्या त्या जागच्या उताराचा, वळणाचा व दृष्टीच्या टप्प्याचा हिशेब आहे.

आतां शिक्षणाकडे वळावें. वेगमर्यादा व शिक्षण हे दोन निरनिराळे विषय मानण्याची प्रथा आहे; परंतु इतिहास पाहतां तीं एकाच गरजेंतून जन्मलेलीं भावंडें आहेत. इंग्लंडचें उदाहरण या बाबतींत फार उपयुक्त आहे. तेथें १८६५ च्या कायद्यानें रस्त्यावरील वाफेच्या गाडीला उघड्या मुलखांत ताशीं ४ मैल व गांवांत २ मैल एवढीच गति दिली होती, आणि तिच्यापुढें तांबडें निशाण घेऊन एक माणूस चालत असे. १९०३ मध्यें मोटारींस ताशीं २० मैलांची मर्यादा आली. ती कोणीच पाळीत नाहीं, म्हणून १९३० सालीं ती काढूनच टाकण्यांत आली. परवाना तर त्या काळीं कसल्याहि परीक्षेवांचून मिळत असे. १९३४ या एका वर्षांत ग्रेट ब्रिटनमध्यें रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. तेव्हां पार्लमेंटला जाग आली, आणि त्याच सालच्या एका कायद्यानें दोन गोष्टी एकदमच केल्या: वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा घातली, आणि नव्या चालकास परीक्षा सक्तीची केली. दोन्ही १९३५ मध्यें अमलांत आल्या. मर्यादेवांचून शिक्षण पांगळें आणि शिक्षणावांचून मर्यादा आंधळी, हें त्या कायद्यानें ओळखलें होतें. त्यानंतरच्या काळांत वाहनें कितीतरी पटींनीं वाढलीं. रस्ते, गाड्या व वैद्यकहि सुधारलें. आणि २०२३ सालीं तेथील मृतांची संख्या १,६२४ होती.

परंतु त्याच देशानें द्रुतगति मार्गांच्या बाबतींत हा धडा कांहीं काळ विसरल्यासारखें केलें. डिसेंबर १९५८ मध्यें प्रेस्टन शहराला वळसा घालणारा पहिला असा मार्ग व नोव्हेंबर १९५९ मध्यें एम-वन हा मोठा मार्ग खुला झाला, तेव्हां त्यांवर वेगमर्यादा नव्हती. १९६५ च्या हिवाळ्यांत धुक्यांत गाड्यांवर गाड्या आदळून भयंकर अपघात झाले, तेव्हां त्या डिसेंबरांत ताशीं ७० मैलांची, म्हणजे सुमारें ११२ किलोमीटरांची, मर्यादा प्रथम तात्पुरती म्हणून आली व १९६७ त कायम झाली. मर्यादा सात वर्षांनीं आली. शिक्षणास मात्र साठ वर्षें लागलीं. शिकाऊ चालकास या मार्गांवर पाऊल टाकण्यासच बंदी होती. हेतु चांगला होता. परंतु त्याचा परिणाम असा कीं, आज परीक्षा उतरलेला तरुण उद्यां त्या मार्गावर प्रथमच, एकटा, सर्वाधिक वेगानें जाण्यास मोकळा होई. ४ जून २०१८ पासून ही बंदी उठविण्यांत आली. दुहेरी ब्रेकांच्या गाडींत, मान्यताप्राप्त शिक्षक शेजारीं असेल तर शिकाऊ चालकास आतां तेथें नेतां येतें.

जर्मनींतील व्यवस्था याहून कसोशीची आहे. तेथील द्रुतगति मार्गांच्या मोठ्या भागावर सक्तीची मर्यादा नाहीं, केवळ १३० किलोमीटरांची शिफारस आहे, ही गोष्ट वेगाचे चाहते मोठ्या उत्साहानें सांगतात. त्याच देशांत मोटारीचा परवाना मिळण्यापूर्वीं प्रत्येक उमेदवारास नेहमींच्या धड्यांखेरीज बारा विशेष धडे सक्तीनें घ्यावे लागतात, ही गोष्ट मात्र ते सांगत नाहींत. त्यांपैकीं पांच गांवाबाहेरच्या रस्त्यांवर, चार द्रुतगति मार्गावर व तीन अंधारांत होतात. परवाना मिळाल्यावरहि पहिलीं दोन वर्षें उमेदवारीचीं समजलीं जातात, आणि त्या काळांत मद्याचा थेंबहि चालत नाहीं. एकाच देशाचें स्वातंत्र्य उसनें घ्यावयाचें आणि त्याची शिस्त तेथेंच ठेवावयाची, हा व्यवहार बरोबर नव्हे.

भारतांत १९८८ चा मोटार वाहन कायदा व त्याखालील नियम यांप्रमाणें शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो, आणि तो मिळून तीस दिवस लोटल्यावांचून पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. खाजगी मोटारीसाठीं मान्य शाळेचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा, व त्यांत प्रत्यक्ष गाडी हांकणें किमान १० तास, असा दंडक आहे. परीक्षा बहुधा आंखून दिलेल्या मैदानांत होते. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळणावर गाडी फिरवावी, मागें घ्यावी, चढावर थांबवून पुन्हां काढावी, म्हणजे उमेदवार उत्तीर्ण होतो. या परीक्षेंत हातापायांची पारख होते, व ती आवश्यकहि आहे. परंतु ती धांवत्या माणसाइतक्या वेगांत होते. अंदाजाची पारख तींत होत नाहीं. मुख्य मार्गाला मिळतांना वेग किती वाढवावा, आरशांतील ठिपका किती वेळांत जवळ येईल, पुढील गाडीपासून किती दूर राहावें, हे प्रश्न तेथें उपस्थितच होत नाहींत. देशांत २०२२ या एका वर्षीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि सरकारी अहवालानें त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचें कारण अतिवेग असें नोंदविलें. ज्या गोष्टीनें सर्वांत जास्त माणसें मरतात, तीच गोष्ट आपल्या परीक्षेंत विचारली जात नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. शिक्षण वाढवा असें म्हणतांच पुष्कळांच्या मनांत घसरती गाडी सांवरण्याच्या, झटक्यानें वळविण्याच्या कसरती येतात. नॉर्वेमध्यें निसरड्या रस्त्यावर गाडी सांवरण्याचें शिक्षण सक्तीचें करून पाहिलें, तेव्हां तरुण पुरुषांचे अपघात कमी न होतां उलट वाढल्याचें दिसून आलें. कारण उघड आहे. हातांत कसब आलें असें वाटतांच पाय सैल सुटतो. म्हणून नव्या चालकास संकटांतून सुटण्याच्या युक्त्या शिकविण्यापेक्षां संकटापासून दूर राहण्याची संवय लावणें हेंच खरें शिक्षण होय.

ती संवय थोडक्या नियमांत सांगतां येते. पुढील गाडी एखाद्या खांबापाशीं आली कीं मनांत सेकंद मोजावे. आपण त्या खांबापाशीं पोंचेपर्यंत निदान तीन सेकंद जावेत, पावसांत त्याच्या दुप्पट. डावी बाजू चालण्याची व उजवी पुढें काढण्याची, हें तत्त्व जड वाहनें उजवीकडे रेंगाळत असलीं तरी सोडूं नये. फाटा चुकला तर पुढच्या फाट्यापर्यंत जावें. गाडी मागें घेणें म्हणजे मृत्यूस हांक मारणें आहे. निघण्यापूर्वीं टायर थंड असतांनाच त्यांतील हवा तपासावी, कारण उन्हानें व वेगानें तापलेला झिजका टायर दगा देतो. घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें उतरावें. इंधन वांचविण्यासाठीं गिअर काढून गाडी घरंगळूं देणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होतात. सरळ व एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनहि मन झोंपी जातें. म्हणून दर दोन तासांनीं थांबून पाय मोकळे करावे. गाडी बिघडल्यास ती कडेच्या पट्टीवर घ्यावी, पुरेशा अंतरावर मागें त्रिकोण ठेवावा, आणि सर्वांनीं डाव्या बाजूनें उतरून कठड्यापलीकडे उभें राहावें. गाडींत बसून राहूं नये. आणि पट्टा केवळ पुढच्या दोघांनीं नव्हे, तर मागें बसणाऱ्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं लावावा. लहान मुलास मांडीवर घेणें म्हणजे त्यास सुरक्षित ठेवणें नव्हे; आघाताच्या क्षणीं त्याचें वजन कोणाच्याहि बाहूंना पेलत नाहीं.

अपघात हे दैवाधीन असतात, एवढें म्हणून स्वस्थ बसण्यासहि आतां आधार उरलेला नाहीं. मुंबई-पुणें मार्गावर २०१६ मध्यें १५१ माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं. त्या सालापासून रस्त्याचे दोष हुडकणें, उघड्या खांबांस व कठड्यांच्या टोंकांस संरक्षण देणें, नियमांची अंमलबजावणी कडक करणें व जखमींस लवकर मदत पोंचविणें असा संघटित प्रयत्न झाला, आणि २०१९ मध्यें मृतांची संख्या शंभराच्या आंत आली. रस्ता तोच, घाट तोच, पाऊस तोच. बदलली ती माणसांची काळजी. पुढें त्या मार्गावर वेग टिपणारे कॅमेरेहि बसले. परंतु कॅमेरा दिसतांच ब्रेक लावणारा आणि तो मागें पडतांच पुन्हां वेग वाढविणारा चालक केवळ दंडाला भितो. त्यास वेगाची ओळख पटलेली नाहीं. ती ओळख करून देणें हें यंत्राचें काम नसून शिक्षकाचें आहे.

सरकारनें परीक्षेंत सुधारणा करावी, शाळांनीं किमान चार धडे द्रुतगति मार्गावर द्यावे, ही मागणी योग्यच आहे. परंतु कायदा होईपर्यंत कुटुंबांनीं वाट पाहण्याचें कारण नाहीं. न्यूझीलंडनें १९८७ पासून परवान्याचे टप्पे केले. नव्या चालकास आरंभीं रात्रीं गाडी हांकण्यास व समवयस्क सोबती घेण्यास निर्बंध घातला. या पद्धतीचा पुढें अनेक देशांनीं स्वीकार केला, कारण परवाना मिळाल्यानंतरचे पहिले कांहीं महिने सर्वांत धोक्याचे असतात, आणि मित्रमंडळींनीं भरलेली गाडी तो धोका वाढविते, हें सर्वत्र अनुभवास आलें आहे. जें तेथें कायद्यानें होतें तें येथें घरच्या वडिलांच्या शब्दानें होऊं शकतें. पहिल्या चार खेपा अनुभवी माणूस शेजारीं बसवून, दिवसाउजेडीं व गर्दी नसतांना, डाव्या मार्गिकेंतून ८० च्या आंत कराव्या. मग हळूहळू पुढें काढण्याचा, घाटाचा व पावसाचा अभ्यास व्हावा. रात्र सर्वांत शेवटीं. सहा महिने झाल्यावांचून मित्रांसह लोणावळ्यास जाण्यास गाडी मिळणार नाहीं, असें एकदां स्पष्ट सांगून टाकावें.

असें सांगणारा बाप जुन्या मताचा ठरेल, आणि आईवर भित्रेपणाचा आरोप येईल. परंतु मूल पोहावयास शिकत असतां पहिल्याच दिवशीं त्यास भर पुरांत कोणी सोडीत नाहीं, आणि त्यास कोणी भित्रेपणा म्हणत नाहीं. वडीलधाऱ्यांनीं स्वतःहि एक पथ्य पाळलें पाहिजे: मुलें शेजारीं बसलेलीं असतांना काट्यावरचा आंकडा मर्यादेपुढें जाऊं देऊं नये, व पुण्यास पोंचल्यावर किती मिनिटांत आलों याची बढाई मारूं नये. शाळेंतील शिक्षक दहा तास शिकवितो. घरचा चालक दहा वर्षें शिकवीत असतो, आणि मागच्या आसनावरून मूल त्याचा प्रत्येक धडा पाहत असतें.